महापुरात लाईट गेली तर: इन्व्हर्टर, जनरेटर की सोलर?

कोल्हापुरात विजेचा कस लागतो तो जुलै-ऑगस्टमध्ये. पंचगंगा नदीची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ आणि २०२१ ला राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. अशा वेळी पाण्यात जाणाऱ्या डीपी (गल्लीतले ट्रान्सफॉर्मर) आणि फीडर (भागाला वीज देणाऱ्या मुख्य लाईन) महावितरण स्वतःच बंद करतं, कारण पाण्यात करंट उतरला तर जीव जातो. पाणी ओसरल्यावरही डीपी वाळवून, इन्सुलेशन तपासूनच लाईन चालू होते. म्हणजे घरात काय घ्यायचं हे ठरवताना दोन-चार तासांचा नव्हे, दोन-चार दिवसांचा हिशेब धरायला हवा.

इन्व्हर्टर घराघरात असतो, पण तो तासांसाठी बनलेला आहे. १५० अँपिअर-तासांची एक बॅटरी १२ व्होल्टनं १८०० वॅट-तास होते, त्यातले १२०० च्या आसपास हाती येतात. दोन साधे पंखे, चार एलईडी आणि राउटर मिळून २०० वॅटचा भार म्हणजे सहा तासांत खेळ खलास. पण पावसाळ्यात कोल्हापुरात पंखा लागतोच कशाला? पंखे बंद ठेवा, दिवे आणि मोबाईल एवढंच चालवा. रात्र निघून दुसऱ्या दिवशीची दुपार गाठता येते. पाण्याची मोटर मात्र त्यावर चालणार नाही. एक एचपीची मोटर सुरू होताना काही पट करंट ओढते, घरगुती इन्व्हर्टर तिथंच ट्रिप होतो.

मोटर चालवायची तर जनरेटर, आणि २०१९ ला खरी अडचण पाण्याचीच झाली होती: शहराला पाणी देणारी उपसा केंद्रंच पुरात गेली आणि टँकरवर दिवस काढावे लागले. टँकरचं पाणी खालच्या टाकीत पडतं, वर चढवायला मोटर हवीच. म्हणून अपार्टमेंटनं वर्गणी काढून एक जनरेटर घेणं मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. एकट्या घराला तो परवडत नाही, आवाजानं शेजाऱ्यांशी भांडण ते वेगळंच. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला की पेट्रोल-डिझेलचे टँकर अडकतात, तेव्हा इशारा पातळी ओलांडली की इंधन भरून ठेवायचं. जनरेटर जिन्याखाली किंवा बंद खोलीत कधीच लावू नका, त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. चेंजओव्हर स्विच, म्हणजे घर एकतर लाईनला नाहीतर जनरेटरला जोडणारा स्विच, तर हवाच. तो नसेल तर तुमची वीज उलटी लाईनवर जाते आणि खांबावरच्या लाईनमनला बसते.

सोलरबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज. छतावरच्या सोलरसाठीच्या केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, बिल जवळजवळ संपतं, म्हणून लोक घेतात आणि बरोबरच करतात. पण नेट मीटरिंगचा (जास्तीची वीज लाईनला देऊन बिलातून वजा करून घेण्याचा) साधा ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेला, संच लाईट गेली की स्वतःही बंद पडतो, लख्ख ऊन असलं तरी. लाईनवर काम करणाऱ्याच्या सुरक्षेसाठीच ती सोय आहे. लाईट गेल्यावर चालायला हायब्रीड इन्व्हर्टर (सोलर, बॅटरी आणि लाईन तिन्ही सांभाळणारा) आणि बॅटरी लागते, खर्च बराच वाढतो. शिवाय पुराच्या आठवड्यात आभाळ भरलेलं. एरवी दिवसाला १२ युनिट देणारं छप्पर त्या दिवसांत किती देईल, यावर भिस्त ठेवू नये. बिलासाठी सोलर घ्या, पुरासाठी नको.

राजारामपुरीसारख्या उंचावरच्या भागात राहत असाल तर इन्व्हर्टर आणि सोसायटीचा जनरेटर ही जोडी पुरे. सुतारवाडा, दुधाळी किंवा शाहूपुरीच्या सखल गल्लीत असाल तर यातल्या कशावरही मोठा खर्च करू नका, कारण पाणी चढलं की तुम्हाला घरच सोडावं लागतं. तिथं दोन पॉवर बँक, चार्जिंगचे दिवे आणि असलाच तर इन्व्हर्टर तळमजल्यावरून उचलून माळ्यावर. बॅटरी पन्नास-साठ किलोची असते, तेव्हा ती पाणी दारात येण्याआधीच हलवायची.