उथळ पाण्याचा सर्व्हे: रोबोट बोट की माणसांची लाँच?
उथळ पाण्यात तळाची खोली मोजायला माणसाशिवाय चालणारी रोबोट बोट घ्यावी की लाँच, म्हणजे माणसं बसलेली छोटी मोटरबोट, यात अडकलायस म्हणून सांगते. खडक आणि फुटणाऱ्या लाटा असतील तिथे माणसं बसलेली लाँच नेऊच नकोस, तळ घासला की जिवावर बेततं, छोट्या रोबोट बोटीला अर्धा मीटर पाणीही पुरतं आणि आपटली तरी नुकसान मशीनचंच. मल्टीबीम, म्हणजे एकाच वेळी अनेक ध्वनिकिरण सोडून तळ मोजणारं यंत्र, एका फेरीत जो पट्टा मोजतं तो साधारण खोलीच्या 3-4 पट रुंद, म्हणजे 2 मीटर पाण्यात जेमतेम 6-8 मीटर, त्यामुळे फेऱ्याच फेऱ्या, आणि त्या सरळ रेघेत न कंटाळता रोबोटच मारतो. पण लाट वाढली की ही हलकी बोट इतकी डोलते की डेटा खराब, शिवाय प्रॉपेलरमध्ये जाळ्याचा तुकडा गुंतला तर सोडवायला माणूस लागतोच. रोबोटची बॅटरी किती वेळ पुरेल तेही बघ. खाडी, खडकाळ किनारा असेल तर रोबोट, मोठा उघडा भाग दिवसभर मोजायचा तर लाँच.