ट्रान्समेडिक्सचे ‘ओसीएस लंग’ : प्रवासातही श्वास घेणारे फुप्फुस

दात्याचे फुप्फुस आजही बहुतेक वेळा बर्फाच्या पेटीतूनच प्रवास करते. परफॅडेक्ससारख्या थंड द्रावाने आतले रक्त धुऊन काढायचे, फुप्फुस निम्मे फुगलेले असतानाच श्वासनलिका बंद करायची, एकात एक अशा तीन पिशव्यांत ते बांधायचे आणि साधारण सहा ते आठ तासांत रुग्णाच्या छातीत बसवायचे, अशी ही रीत आहे. विमान वर चढले की केबिनमधला दाब उतरतो आणि कोंडलेली हवा प्रसरण पावते, म्हणून फुगवताना हात आखडता घ्यावा लागतो.

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील ट्रान्समेडिक्स कंपनीचे ओसीएस लंग हे यंत्र प्रवासात फुप्फुस गारठवत नाही. ते शरीराच्या तापमानाजवळ ठेवले जाते, धमनीतून तांबड्या पेशी मिसळलेला द्राव फिरतो आणि श्वासनलिकेतून व्हेंटिलेटर हवा देतो. पारदर्शक कक्षात गुलाबी फुप्फुस संथपणे वर-खाली होताना पाहिले की नजर हलत नाही. माझ्या मते यंत्राचे खरे मोल मात्र तपासणीत आहे. फुप्फुस रक्तात किती प्राणवायू भरते, हे रुग्णाची छाती उघडण्यापूर्वीच मोजता येते. एरवी नाकारली गेली असती अशी फुप्फुसे या यंत्रावर ठेवून केलेल्या चाचणीत त्यांपैकी ८७ टक्के प्रत्यारोपणाला वापरता आली, ही मला या यंत्राची सर्वांत मोठी कमाई वाटते.

नेहमीच्या, चांगल्या फुप्फुसांबाबत मी इतका निःशंक नाही. ज्या चाचणीनंतर २०१८ मध्ये अमेरिकेत या यंत्राला मान्यता मिळाली, तिच्यात पहिल्या ७२ तासांत नव्या फुप्फुसाला होणाऱ्या तीव्र इजेचे प्रमाण बर्फाच्या गटात २९.७ टक्के, तर यंत्राच्या गटात १७.७ टक्के होते. त्याच चाचणीत तिसाव्या दिवशी बर्फाच्या गटातील सर्व रुग्ण हयात होते आणि यंत्राच्या गटातील ९५.७ टक्के, वर्षअखेरीस मात्र दोन्ही गट जवळपास सारखे ठरले. तिसाव्या दिवसाचा हा आकडा यंत्राची तरफदारी करणाऱ्या प्रत्येकाने वाचलाच पाहिजे. शिवाय दरवेळी नवा महागडा संच, रक्तपेढीतून पेशींच्या पिशव्या आणि सोबत प्रशिक्षित माणूस लागतो.

दरम्यान टोरांटोच्या शल्यविशारदांनी व्हिएन्ना आणि माद्रिद येथील सहकाऱ्यांसह फुप्फुस बर्फावर न ठेवता १० अंश सेल्सिअसवर ठेवण्याचा साधा मार्ग तपासला. या तापमानाला पेशींतील मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऊर्जा तयार करणारे घटक, अधिक शाबूत राहतात, आणि जतनाचा काळ बारा तासांपलीकडे नेऊनही निकाल बिघडले नाहीत. महाराष्ट्रातून हैदराबाद-चेन्नईकडे फुप्फुसे विमानाने जातात; अशा अंतरासाठी आणि आपल्या खर्चाच्या मर्यादेत मी आधी तापमान काटेकोर राखणारी शीतपेटी घेईन, आणि ओसीएस लंग शंकास्पद फुप्फुसांसाठी राखून ठेवीन.