‘कमांड परफॉर्मन्स’ सात महिने ऐकल्यानंतर

गणपतीत ऐकायला घेतलं, आता उन्हाळा लागलाय. रोज रात्री जेवणं आटोपली की अर्ध्या तासाचा एक भाग, असा नेम जवळपास मोडला नाही. म्हणून आता खात्रीने लिहितो.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या युद्धखात्याने परदेशी लढणाऱ्या आपल्या सैनिकांसाठी हा रेडिओ कार्यक्रम सुरू केला. पहिला भाग मार्च १९४२ मधला. नावातला ‘कमांड’ सैनिकाचा. त्याने पत्रातून फर्माईश पाठवायची आणि हॉलीवूडने ती हुकूम मानून पुरी करायची. कलाकार एक पैसा घेत नसत. आणि खुद्द अमेरिकेतल्या श्रोत्यांना हा कार्यक्रम ऐकायला मिळत नसे. १९४२ च्या नाताळच्या आदल्या रात्रीचा खास भाग तेवढा देशभर लावला होता. बॉब होप, बिंग क्रॉस्बी, ज्यूडी गार्लंड असे त्या काळचे मोठे तारे ज्या कार्यक्रमात येतात तो घरच्यांसाठी नाहीच, फक्त लांब गेलेल्यांसाठी, हे कळलं तेव्हा मी पुन्हा पहिल्या भागापासून सुरुवात केली.

माझा जीव जडला तो फर्माइशींवर. गाणी तर सगळेच मागतात. पण कुणी कॅरोल लँडिस या नटीचा नुसता उसासा मागितला. कुणी लिहिलं, नर्तकी ॲन मिलरने लष्करी बूट घालून टॅप डान्स करावा. रेडिओवर नाच! पण विचार केला तर ज्याच्या कानात दिवसभर बुटांचाच आवाज, त्याला तेच बूट एकदा तालात ऐकायचे होते. ही मागणी सैनिकालाच सुचू शकते.

आवाजाबद्दल आधीच सांगतो, खरखर आहे. शॉर्टवेव्हबरोबरच हे कार्यक्रम १६ इंची तबकड्यांवर उतरवून समुद्रापार पाठवले जायचे आणि तिकडच्या रेडिओ केंद्रांवर वाजायचे. आपल्याला मिळतं ते बहुतेक अशा तबकड्यांवरून घेतलेलं. इयरफोनवर मला त्रास झाला, साध्या स्पीकरवर छान लागतं. मी आधी एका विक्रेत्याकडून पेन ड्राइव्ह विकत घेतला होता. त्यात तारखा चुकीच्या आणि काही भाग दोनदा. पैसे वाया गेले. इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावर यातले बरेच भाग फुकट ऐकता येतात, तिथूनच घ्या.

१५ फेब्रुवारी १९४५ चा ‘डिक ट्रेसी इन बी फ्लॅट’ हा संगीत-प्रहसनाचा भाग सगळे सुचवतात. डिक ट्रेसी हा चित्रकथांमधला गाजलेला डिटेक्टिव्ह. क्रॉस्बी झालाय डिक ट्रेसी, गायिका डायना शोअर त्याची वाग्दत्त वधू, गायक फ्रँक सिनात्रा आणि होप खलनायक. भाग अफाट आहे, पण सुरुवात त्याने करू नका. आधी दहा-बारा साधे भाग ऐका, म्हणजे ही मंडळी एकमेकांची का खेचतात ते उमगेल. होप-क्रॉस्बीची चेष्टामस्करी पुढे पुढे तीच ती वाटते, आणि त्या वेळच्या राजकारणावरचे विनोद मला निम्मेच कळले.

एक गोष्ट मनाला लागते. तेव्हा अमेरिकी सैन्यात गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या तुकड्या वेगळ्या, आणि काळ्या सैनिकांसाठी कार्यक्रमही वेगळा: ‘ज्युबिली’. अर्नी व्हिटमन निवेदक, ड्यूक एलिंग्टन आणि काउंट बेसीसारखे वादक. संगीतात मला ‘ज्युबिली’च उजवा वाटला. तोही जरूर ऐका.

याच युद्धात दक्षिण-पूर्व आशियातल्या दोस्त सैन्यासाठी कोलंबोहून रेडिओ सीॲक चालायचं. युद्धानंतर ते सिलोन सरकारकडे गेलं आणि त्यातूनच आपलं लाडकं रेडिओ सिलोन उभं राहिलं. १९५२ पासून बिनाका गीतमाला ज्या केंद्रावरून घराघरात पोचली, त्याची मुळं सैनिकांच्या करमणुकीत आहेत.

आमच्या घरात हे सगळं परकं वाटलंच नाही, कारण आण्णा फौजेत होते. त्यांना इंग्रजी फारसं कळत नाही, तरी ते रोज शेजारी येऊन बसतात. प्रेक्षागृहात सैनिक हसले की तेही हसतात. म्हणतात, ‘हे हसणं बॅरेकीतलं आहे.’ परवा पत्राचं वाचन सुरू झालं तसा त्यांनी आवाज कमी करायला लावला आणि पहिल्यांदाच सांगितलं, की सीमेवर असताना त्यांनीही विविध भारतीच्या ‘जयमाला’ या फौजींच्या फर्माइशींच्या कार्यक्रमाला पत्र टाकलं होतं. आईच्या आवडीचं गाणं मागितलं होतं.

‘लागलं का मग?’ मी विचारलं.

‘लागलं की. मी गस्तीवर होतो. परत आलो तर पोरांनी सांगितलं, तुझं नाव घेतलं रेडिओवर. मग सगळ्यांनी मिळून तेच गाणं म्हणून दाखवलं मला.’