ट्रॅकवर एबीएस अडखळते तेव्हा : स्कॅनर, ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल यांचा वापरानंतरचा अनुभव

यंदाच्या हंगामात मी माझ्या गाडीवर तीन गोष्टी सोबतच वापरल्या: एबीएसची (जोरात ब्रेक दाबला तरी चाके लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) माहिती वाचू शकणारा हातातला स्कॅनर, ट्रॅकसाठीचे ब्रेक पॅड आणि डॉट 5.1 दर्जाचे ब्रेक ऑइल. गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक आहे. एरवी ती पांढरकवड्याच्या आसपासच्या पांदण रस्त्यांवरून शेतात ये-जा करते, आणि टाइम अटॅकसाठी, म्हणजे कमीत कमी वेळात फेरी पूर्ण करण्याच्या स्पर्धेसाठी, आदिलाबाद, हैदराबाद, ओंगोल, नेल्लोर अशी हजारेक किलोमीटर धावून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या 3.7 किलोमीटर लांबीच्या सर्किटवर जाते. ट्रेलरवर लादून नेण्याची सोय माझ्याकडे नाही. त्यामुळे जे ब्रेक सर्किटवर वापरायचे, तेच परतीच्या वाटेवर कापूस भरलेला ट्रॅक्टर अचानक आडवा आला तरी कामी यायला हवेत, ही अट पहिल्यापासून होती.

तक्रार अशी होती. सरळ पट्टा संपताना ब्रेकवर जोरात पाय दिला, की कधी कधी पेडल एकदम ताठ होई, एबीएसची नेहमीची थरथर पायाला जाणवत नसे आणि गाडी वेग कमी न करता पुढे सरकतच राही. क्षणभराने पकड परत येई. पण ताशी 150 किलोमीटर वेगाला गाडी एका सेकंदात जवळपास 42 मीटर कापते, आणि सर्किटवर तेवढ्यात वळण निघून गेलेले असते. डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागत नसे आणि मेमरीत बिघाडाचा कोडही साठत नसे. ट्रॅकवर गाडी चालवणारे याला आइस मोड म्हणतात.

त्यामागचे कारण समजून घेतल्याशिवाय कोणतीही वस्तू विकत घेण्यात अर्थ नाही, म्हणून ते जरा सविस्तर लिहितो. एबीएसच्या कंट्रोल युनिटला गाडीचा खरा वेग थेट कळत नाही. चार चाकांच्या सेन्सरवरून ते त्याचा अंदाज बांधते. ब्रेक दाबल्यावर गाडीचे वजन पुढच्या चाकांवर यायला थोडा वेळ लागतो, आणि ते येण्याआधीच पूर्ण दाब दिला तर पुढचे टायर तो पेलू शकत नाहीत व चाकांचा वेग झपकन खाली येतो. वळणाच्या आतल्या कर्बवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर, चढून हलके झालेले चाकही असेच वागते. कोरड्या डांबरावर कोणतीही गाडी इतक्या झपाट्याने मंदावू शकत नाही, हे युनिटला ठाऊक असते. म्हणून रस्ता निसरडा आहे असा निष्कर्ष काढून ते दाब कमी करते आणि चाक पुन्हा वेग घेण्याची वाट पाहते. त्या वेळी चाकाच्या ब्रेककडे ऑइल सोडणारा इनलेट व्हॉल्व्ह बंद असल्यामुळे पेडलखालच्या ऑइलला पुढे जायला वाट राहत नाही, आणि पेडल ताठ लागते ते यामुळेच. म्हणजे यंत्रणा बिघडलेली नसते, तिला दिलेल्या नियमांप्रमाणेच ती चालत असते. बॉशने 1978 मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासवर ही यंत्रणा आणली तेव्हापासून तिचा हेतू रस्त्यावर अचानक ब्रेक लावला तरी स्टिअरिंग ताब्यात राहावे हा आहे, आणि आपल्याकडे एप्रिल 2019 पासून सर्व नव्या मोटारींना ती सक्तीची झाली तीही त्यासाठीच. जीटी3 वर्गातल्या रेसिंग गाड्यांना एबीएस असते, पण ते खास रेसिंगसाठी बनवलेले असते आणि टायर व हवामान पाहून चालक त्याची पातळी बदलू शकतो. ते हॅचबॅकला लावण्याचा खर्च माझ्यासारख्या कास्तकाराच्या आवाक्यातला नाही.

आमच्याकडच्या मेकॅनिकने सरळ उपाय सुचवला होता: "भाऊ, एबीएसचा फ्यूजच काढून टाका ना, कायले डोकं लावता?" हा सल्ला सर्किटवरही सर्रास मिळतो आणि माझा त्याला ठाम विरोध आहे. आजच्या बहुतेक गाड्यांत मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा हे ठरवणारा जुना यांत्रिक व्हॉल्व्ह राहिलेला नाही; ते काम ईबीडी ही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करते आणि ईबीडी एबीएसच्याच युनिटमध्ये असते. फ्यूज काढला की दोन्ही जातात. जोरात ब्रेक लावल्यावर मागची हलकी झालेली चाके पुढच्यांच्या आधी लॉक होतात आणि गाडी गर्रकन फिरते. आइस मोडमध्ये गाडी सरळ पुढे जाते आणि निदान स्टिअरिंग तरी ऐकते. मागची चाके लॉक झाली तर तेही उरत नाही.

स्कॅनरबद्दल. बाजारात मिळणारे स्वस्त ब्लूटूथ डोंगल बहुधा इंजिनपुरतेच वाचतात. आपल्या गाडीच्या एबीएस मॉड्यूलशी बोलणारे यंत्र आहे की नाही, याची खात्री करूनच पैसे द्यावेत. माझ्या यंत्राचा सर्वांत मोठा उपयोग चारही चाकांचा वेग एकाच वेळी पडद्यावर पाहण्याचा झाला. पहाटे मोकळ्या महामार्गावर सोबत्याला पडदा बघायला बसवून एकसारख्या वेगाने गाडी चालवली, तेव्हा तीन आकडे जुळत होते आणि पुढच्या डाव्या चाकाचा आकडा मधूनच कोसळून पुन्हा वर येत होता. सेन्सर काढून पाहिला तर त्याच्या टोकावर आणि आतल्या बेअरिंगच्या कडेवर काळपट राखाडी लेप बसलेला होता, नखाने खरवडला तर आत लोखंडाचे बारीक कण चमकत होते. बेअरिंगची ही कडा चुंबकीय असते आणि सेन्सर तिच्यावरूनच चाकाचा वेग वाचतो; डिस्क आणि पॅड झिजून उडणारा लोखंडी भुगा तिला चिकटतो आणि आमच्या भागातली चिकण काळी माती पावसाळ्यात त्यात मिसळून दिवाळीपर्यंत टणक होते. मऊ ब्रश आणि ब्रेक क्लीनरने तो लेप निघाला. तारेचा ब्रश तिथे वापरू नये आणि चुंबक लावलेली हत्यारे जवळ नेऊ नयेत.

हा दोष आणि आइस मोड यांची गल्लत होते म्हणून फरक नोंदवतो. सेन्सरचा सिग्नल खराब असेल तर गाडी जवळजवळ थांबत आली असताना, अगदी कमी वेगात, कारण नसताना एबीएस खडखडते, आणि बिघाड वाढला की दिवा लागून कोड साठतो. आइस मोड वेगात, जोरात ब्रेक लावल्यावर येतो आणि मागे काहीही खूण ठेवत नाही. पुढे तेच बेअरिंग बदलण्याची वेळ आली, तेव्हा एका गॅरेजने ते उलटे बसवून दिले. चुंबकीय बाजू सेन्सरकडे न राहता बाहेर गेली आणि गाडी सुरू करून थोडे अंतर जाताच दिवा लागला. बसवण्यापूर्वी कागदाची हलकी पिन बेअरिंगच्या दोन्ही बाजूंना लावून पाहावी. ज्या बाजूला ती धरली जाते, ती सेन्सरकडे यायला हवी. दाबून बसवलेले बेअरिंग पुन्हा काढताना सहसा निकामी होते, त्यामुळे ही तपासणी आधीच झालेली बरी.

स्कॅनरच्या उणिवाही आहेत. एबीएसचे व्हॉल्व्ह सेकंदाला अनेक वेळा उघडझाप करतात आणि हे यंत्र सेकंदाला मोजकीच वाचने देते, त्यामुळे आइस मोडचा नेमका क्षण त्यात पकडता येईल अशी अपेक्षा ठेवू नये. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा 45 च्या वर जातो तेव्हा भर उन्हात पडदा दिसत नाही. मात्र एबीएसचा पंप आणि व्हॉल्व्ह आज्ञा देऊन फिरवण्याची सोय त्यात आहे, आणि तेवढ्यासाठीसुद्धा मी तो पुन्हा घेईन. नुसते पेडल मारून ब्रेक ऑइल बदलले तर युनिटच्या आतल्या फाट्यांतले जुने ऑइल आणि कधी हवाही तिथेच राहते; पुढच्या खेपेला एबीएस चालू झाले की ती हवा लाइनमध्ये येते आणि पेडल मऊ पडते.

डॉट 5.1 ऑइलने मला पूर्ण समाधान दिले. मानकाप्रमाणे त्याचा उत्कलनबिंदू कोरड्या अवस्थेत किमान 260 आणि पाणी शोषल्यानंतर किमान 180 अंश सेल्सिअस असावा लागतो. डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155 आहेत. ते पातळही राहते, त्यामुळे एबीएसच्या बारीक वाटांतून सहज वाहते. हवेतले पाणी मात्र तेही शोषते, म्हणून लहान सीलबंद बाटल्याच घ्याव्यात आणि पावसाळा सरला की ऑइल बदलावे. डॉट 5 नावाने मिळणारे सिलिकॉनचे ऑइल वेगळे आहे. ते एबीएस असलेल्या गाडीत घालू नये.

पॅडच्या बाबतीत माझे मत जाहिरातींपेक्षा वेगळे झाले. पहिला संच तापल्यावर पाय टेकवताच कडकडून पकडत असे, आणि नेमकी हीच पहिली पकड आइस मोडला आमंत्रण देत होती. चाकाचा वेग इतक्या लवकर पडायचा, की युनिटचा गैरसमज हमखास व्हायचा. नंतर घेतलेला संच तितकीच उष्णता सोसतो, पण त्याची पकड पायाच्या दाबाबरोबर चढत जाते. एबीएस चालू ठेवून ट्रॅकवर जाणाऱ्याने पॅड निवडताना पकड कशी चढते हे आधी विचारावे. सकाळी गार असताना हे पॅड किंचाळतात आणि पहिल्या दोन-तीन ब्रेकना कमी धरतात, त्यामुळे गावातून निघताना अंतर राखून चालवावे लागते. त्यांचा भुगाही जास्त पडतो, तेव्हा सेन्सर साफ करण्याचे काम वाढले आहे. टायर चारही एकाच मापाचे, एकाच बनावटीचे आणि सारखे झिजलेले ठेवतो, कारण चाकांच्या वेगातला फरक मोजणाऱ्या यंत्रणेला त्यांच्या घेरातला फरकही तेवढाच दिसतो.

या सगळ्याबरोबर पाय देण्याची पद्धत बदलली. पेडलचा सुरुवातीचा ढिलेपणा आधी हलकेच संपवायचा, गाडीचे नाक खाली झुकेपर्यंत दाब चढवायचा आणि मग पूर्ण जोर द्यायचा. याला अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ लागतो. तरीही पेडल ताठ झालेच, तर पाय क्षणभर सैल करून पुन्हा दाबला की दाब परत मिळतो, फक्त वळण अंगावर येत असताना पाय उचलण्याचे धाडस सरावानेच येते. आता सरळ पट्ट्याच्या शेवटी आइस मोड येत नाही. कर्बवर आतले चाक हलके होते तिथे तो अजूनही अधूनमधून येतो, म्हणून अशा वळणांना ब्रेकचे काम मी कर्बच्या अलीकडेच उरकतो. लॅपमागे त्यात थोडा वेळ जातो, आणि एबीएस चालू ठेवून घरी परतण्यासाठी तो द्यायला माझी तयारी आहे.