कंपनीच्या ऑनलाइन डॉक्टर-सेवेचा अनुभव: डॉक्टर उत्तम, ओटीपीची रीत मात्र चुकीची

आमच्या कंपनीने गटविम्याबरोबर दिलेली ऑनलाइन डॉक्टरची सोय मी गेल्या दिवाळीपासून वापरत आहे. अशा अ‍ॅपमध्ये काय काय मिळते हे नोकरदार वाचकांना ठाऊकच असते, त्यामुळे त्याची यादी देत नाही. माझी मुख्य तक्रार एकच होती आणि ती मी शेवटपर्यंत सोडली नाही: घरातल्या कोणालाही डॉक्टरांशी बोलायचे असले तरी ओटीपी कर्मचाऱ्याच्याच मोबाइलवर येत असे.

ही किरकोळ गैरसोय आहे, असे मला एचआर विभागातून सांगण्यात आले. माझी आई आटपाडी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. तिला मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत, आणि पुण्याहून मी तिला प्रत्येक वेळी दवाखान्यात नेऊ शकत नाही. तिच्याकडे स्मार्टफोन आहे, व्हिडिओ कॉल ती रोज करते, अ‍ॅपही तिने शेजारच्या मुलीकडून घालून घेतले आहे. पण अ‍ॅपने तिला दर काही दिवसांनी बाहेर काढायचे, तिने पुन्हा आत जायचा प्रयत्न करायचा, ओटीपी माझ्या फोनवर यायचा आणि मी नेमकी जीएसटीच्या कामात किंवा लेखापरीक्षकांसमोर बसलेली असायची. मी अंक कळवेपर्यंत त्याची मुदत संपलेली असे आणि राखून ठेवलेली वेळही हातची गेलेली असे. शिवाय ही सोय फुकट नाही. आई-वडिलांना विम्यात घेण्याचा जादा हप्ता माझ्या पगारातून कापला जातो. ज्या सेवेचे पैसे मी भरते, ती जिच्यासाठी घेतली तिला स्वतःहून वापरता येत नसेल, तर तो हप्ता मला जड वाटणारच.

जानेवारीपर्यंत माझे मत असे होते की, ही सोय कंपनीच्या माहितीपत्रकात शोभण्यापुरतीच आहे. ते मत एका डॉक्टरांमुळे बदलले, आणि ते इथे नमूद करणे मला आवश्यक वाटते.

आईच्या पायांवर सूज येऊ लागली होती. वय झाले की पाय सुजतातच, असे म्हणून ती विषय टाळत होती. शेवटी मी सुट्टी घेऊन गावी गेले असताना आम्ही व्हिडिओवर सल्ला घेतला. डॉक्टर मराठी बोलणारे होते आणि त्यांना अजिबात घाई नव्हती. त्यांनी आईला फोन पायाकडे वळवायला सांगितला, घोट्याच्या थोडे वर हाडावर अंगठ्याने काही क्षण दाबून धरायला लावले आणि मग अंगठा काढायला सांगितला. कातडीत खळगा पडला आणि तो लगेच भरून आला नाही. मग दुसरा पाय. त्यानंतर चालताना दम लागतो का, रात्री उशा वाढवाव्या लागतात का, लघवी कमी झाली आहे का, असे एकेक प्रश्न त्यांनी विचारले आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटे एकामागून एक कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितली. रक्तदाबासाठी तिला अ‍ॅम्लोडिपिन चालू होते. या गोळीने काही जणांच्या घोट्यांना सूज येते, हे आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

त्यांनी गोळी परस्पर बदलली नाही. ‘मी तुम्हाला हाताने तपासलेले नाही, त्यामुळे बदल तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांनीच करावा. त्याआधी मूत्रपिंड आणि हृदय ठीक आहेत ना ते पाहू,’ असे सांगून त्यांनी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी), लघवीतील प्रथिने आणि ईसीजी या तपासण्या लिहून दिल्या. गावच्या डॉक्टरांसाठी चार ओळींची टिपणीही दिली. तपासण्या ठीक आल्या, आटपाडीच्या डॉक्टरांनी गोळी बदलली आणि सूज उतरली. घरबसल्या मिळालेल्या सल्ल्याने प्रत्यक्ष दवाखान्यातले काम सोपे व्हावे, एवढीच माझी अपेक्षा होती, आणि ती त्यांनी पूर्ण केली.

ऑनलाइन डॉक्टर औषधे द्यायला कचरतात, अशी तक्रार आमच्या कार्यालयात नेहमी ऐकू येते. ती मला पटत नाही. २५ मार्च २०२० रोजी केंद्राने जाहीर केलेल्या टेलिमेडिसिनच्या, म्हणजे दुरून द्यायच्या वैद्यकीय सल्ल्याच्या, मार्गदर्शक सूचनांमध्ये औषधांच्या याद्याच ठरवून दिल्या आहेत. प्रत्यक्ष न तपासलेल्या रुग्णाला पहिल्या सल्ल्यात काय देता येईल यावर मर्यादा आहे, आणि शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या यादीतली किंवा अमली पदार्थांच्या कायद्याखालची औषधे अशा सल्ल्यातून देताच येत नाहीत. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असणेही बंधनकारक आहे. आमच्या अ‍ॅपवरच्या चिठ्ठीवर तो स्पष्ट छापलेला असतो आणि गावच्या मेडिकलवाल्याने ती मोबाइलवर पाहून कधी हरकत घेतली नाही. या बाबतीत सेवेला पूर्ण गुण द्यायला हवेत.

घरून रक्ताचे नमुने नेण्याची सोय आईच्या पिनकोडवर नाही. खेड्यात ती नसणार हे मी गृहीतच धरले होते. तेच डॉक्टर पुन्हा मिळण्याची खात्री नाही, हे मात्र खटकते. प्रत्येक नव्या डॉक्टरांसमोर आईला सगळा इतिहास पुन्हा सांगावा लागतो.

आता पुन्हा ओटीपीकडे येते, कारण त्याची खरी गंभीर बाजू मला मार्चमध्ये कळली. माझ्या नवऱ्याला काही महिन्यांपासून झोप लागत नव्हती. याच अ‍ॅपवर समुपदेशक उपलब्ध आहेत, म्हणून मी त्याला सुचवले. तो म्हणाला, ‘माझी प्रत्येक टिपणी तुझ्या खात्यात दिसणार, आणि ते खाते कंपनीच्या ईमेलला जोडलेले. मी काय मोकळेपणाने बोलणार?’ मी खाते उघडून पाहिले. आईच्या चिठ्ठ्या, तिचे अहवाल, मुलाच्या डोळे येण्याची नोंद, सगळे एकाच यादीत माझ्यासमोर होते. लहान मुलाच्या बाबतीत ते योग्यच आहे, कारण मुलाच्या सल्ल्यावेळी ओळख पटवलेली प्रौढ व्यक्ती सोबत असलीच पाहिजे, असा नियम आहे. पण प्रौढ जोडीदाराची, आईची किंवा सज्ञान मुलीची नोंद कर्मचाऱ्याला का दिसावी? ज्याची वैयक्तिक माहिती, संमतीही त्याचीच, हे तत्त्व आपल्या २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यानेच मान्य केले आहे. नवऱ्याने शेवटी १४४१६ या क्रमांकावर, म्हणजे सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सेवेला फोन केला. तिथे तो निःसंकोच बोलला, आणि एक पैसाही द्यावा लागला नाही.

मदतकेंद्राने माझ्या तक्रारीला दिलेले उत्तर असे होते की, ही रचना सुरक्षेसाठी आहे. ते मला मान्य नाही. मार्गदर्शक सूचनांनुसार डॉक्टरांनी ओळख पटवायची असते ती रुग्णाची. माझ्या फोनवर आलेल्या ओटीपीने फक्त माझी ओळख पटते. सरकारच्या ई-संजीवनी या विनामूल्य ऑनलाइन डॉक्टर-सेवेत रुग्ण आपल्याच मोबाइल क्रमांकाने नोंदणी करू शकतो. मग आपण पैसे मोजून घेतलेल्या सेवेत ते का जमू नये, हा प्रश्न मी लेखी विचारला आणि सहकाऱ्यांच्या सह्यांचे पत्र एचआर विभागाला दिले. सह्या करणाऱ्यांत चाकणच्या कारखान्यातले बरेच जण होते. कामाची पाळी चालू असताना त्यांचा मोबाइल लॉकरमध्ये असतो, त्यामुळे त्या वेळात त्यांच्या घरच्यांना ही सेवा वापरताच येत नसे.

मे महिन्यात अर्धी मागणी मान्य झाली. प्रौढ सदस्याला आता स्वतःचा क्रमांक जोडता येतो. आई आता माझ्याशिवाय सल्ला घेते आणि झाल्यावर मला फोन करून काय ठरले ते सांगते. त्यामुळे वडीलधाऱ्यांचा जादा हप्ता भरावा की नाही, असे कोणी विचारले तर आज मी भरा असे सांगेन. जानेवारीपूर्वी नको म्हटले असते. नोंदी मात्र अजूनही मुख्य खात्यात उमटतात. त्या वेगळ्या करण्याची तारीख सेवा पुरवठादाराने दिलेली नाही, आणि पुढच्या नूतनीकरणाच्या करारात ही अट लेखी घालावी, असे दुसरे पत्र मी गेल्या आठवड्यात दिले आहे.