एफबीजी सेन्सर: पुलावर उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

खाडीवरच्या एका पोलादी गर्डर पुलावर आम्ही ताण (स्ट्रेन) मोजायला फायबर ब्रॅग ग्रेटिंगचे, म्हणजे एफबीजीचे सेन्सर बसवले. कडक उन्हाळा आणि अख्खा पावसाळा त्यांनी काढला. घ्यायचा विचार असेल तर एक गोष्ट आधीच सांगतो: यात खरी कसोटी लागते ती आकड्यातून तापमानाचा परिणाम वेगळा काढण्यात.

ग्रेटिंग म्हणजे काचेच्या ऑप्टिकल फायबरच्या गाभ्यात अतिनील किरणांनी उमटवलेली सूक्ष्म जाळी. ती ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश परत पाठवते. फायबर ताणली की ही तरंगलांबी सरकते, आणि तापली तरीही सरकते. १५५० नॅनोमीटरच्या आसपास एका मायक्रोस्ट्रेनला (लांबीत दहा लाखांत एक भाग बदल) साधारण १.२ पिकोमीटर (पिकोमीटर म्हणजे नॅनोमीटरचा हजारावा भाग), तर एका अंश सेल्सिअसला साधारण १० पिकोमीटर. म्हणजे तापमान एका अंशाने चढलं की नसलेले ८ मायक्रोस्ट्रेन आकड्यात येऊन बसतात! ट्रक क्षणात निघून जातो, त्यामुळे त्याचा उंचवटा आलेखात लगेच ओळखू येतो. पण महिनोन्‌महिने हळूहळू होणारा बदल बघायचा असेल, तर तो उन्हाच्या चढउतारात सहज बुडतो.

म्हणून प्रत्येक स्ट्रेन सेन्सरशेजारी त्याच प्लेटला टेकलेल्या बारीक नळीत दुसरी ग्रेटिंग सैल सोडली. ती चिकटवायची नाही, नाहीतर तिच्यावरही ताण येतो. अख्ख्या गाळ्याला (दोन खांबांमधल्या भागाला) एकच तापमान सेन्सर पुरेल, हा सल्ला मला पटत नाही. दुपारनंतर पश्चिमेकडचा गर्डर चटका बसेल इतका तापतो, तेव्हा आतला सावलीत असतो. शिवाय ही वजाबाकी केल्यावरही पोलादाचं स्वतःचं प्रसरण, अंशाला सुमारे १२ मायक्रोस्ट्रेन, आकड्यात उरतंच. ते खरं आहे, सेन्सरची चूक नव्हे.

पावसाळ्यात मात्र जीव खूश झाला. फॉइल स्ट्रेन गेजमध्ये, म्हणजे ताण मोजायच्या विजेवरच्या पट्टीत, ओल शिरली की शून्य सरकत राहतं. इथे सेन्सरपाशी वीजच नाही. शेजारी वेल्डिंग चालू असतानाही आलेख स्वच्छ होता. एकाच फायबरवर अनेक सेन्सर ओवता येतात, त्यामुळे केबलचं जंजाळ नाही. पण ती फायबर तुटली की पुढचे सगळे सेन्सर एकदम मुके होतात. दोन्ही टोकं वाचनाचं यंत्र असलेल्या केबिनपर्यंत आणून ठेवा, म्हणजे दुसऱ्या बाजूने वाचता येतं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला कनेक्टरनी. हिरव्या एपीसी (तिरकस घासलेल्या टोकाच्या) कनेक्टरच्या टोकावर धूळ बसली की सिग्नल पडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारे वाइप्स आणि तपासायला छोटा स्कोप सोबत असायलाच हवा. झिप टाय करकचून आवळला तरी तिथे प्रकाश गळतो.

इंटरोगेटर, म्हणजे सेन्सरची तरंगलांबी वाचणारं यंत्र, महाग आहे. एक-दोन दिवसांच्या लोड टेस्टसाठी तो घेऊ नका, फॉइल गेज पुरतात. वर्षानुवर्षं लक्ष ठेवायचं असेल तर जरूर घ्या. आणि ऑर्डर देतानाच प्रत्येक ग्रेटिंगचा कॅलिब्रेशन तक्ता, तापमानाच्या गुणांकासकट, लेखी मागून घ्या.