उलटसुलट ओळींच्या लिपींचा तक्तासंच : गावच्या वाचनालयासाठी घ्यावा का?

एकाआड एक ओळ उलट दिशेने लिहिल्या जाणाऱ्या लिपींवरील तक्त्यांचा एक संच दारव्हा तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयासाठी पुण्याच्या एका प्रकाशनाकडून मागवला. टपालखर्च धरून तो साडेचौदाशे रुपयांना पडला. ग्रामीण वाचनालयाच्या तुटपुंज्या अनुदानात ही रक्कम लहान नाही, म्हणून प्रत्येक तक्ता नीट वाचून आणि शाळेतल्या मुलांपुढे लावून पाहिल्यावरच हे लिहीत आहे.

मूळ कल्पना आपल्याकडे कुणाला फोड करून सांगावी लागत नाही. एक तास संपला की बैल धुऱ्यावर वळतात आणि शेजारचा तास उलट दिशेने धरतात, तशीच ही ओळ टोकाला वळते. ग्रीकांनी या पद्धतीला नाव दिले तेही नांगराच्या बैलांवरूनच. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. ओळ वळल्यावर तिच्यातल्या अक्षराचे काय होते, याची उत्तरे निरनिराळ्या लिपींनी निरनिराळी दिली आहेत, आणि तो फरक डोळ्यांना दिसत नसेल तर असे तक्ते भिंतीवर लावण्यात अर्थ नाही.

क्रीट बेटावरील गोर्टिनच्या कायदेलेखाचा तक्ता या कसोटीला पूर्ण उतरतो. इ. स. पू. पाचव्या शतकातला हा लेख भिंतीच्या दगडांवर १२ स्तंभांत कोरलेला असून त्याच्या ओळी सहाशेहून अधिक आहेत. घटस्फोट, वारसा, दत्तक अशा घरोघरी तंटे उभे करणाऱ्या बाबींचे नियम त्यात आहेत. १८८४ मध्ये फेदेरिको हाल्बहेर या इटालियन संशोधकाने त्याचा मोठा भाग उजेडात आणला. तक्त्यावर सलग चार ओळी इतक्या मोठ्या छापल्या आहेत की शेवटच्या बाकावरूनही अक्षर ओळखू येते. टाऊ (T) किंवा ओमिक्रॉन (O) ही ग्रीक अक्षरे दोन्ही बाजूंनी सारखीच, त्यांवरून दिशा कळत नाही. एप्सिलॉनचे (E) दाते मात्र ज्या बाजूला वळलेले, त्या बाजूला ओळ धावते. ही खूण सातवीतल्या एका मुलीने खालचा मजकूर वाचण्याआधीच शोधून काढली, आणि एखाद्या तक्त्याकडून याहून जास्त मागणे मला रास्त वाटत नाही.

अनातोलियातील, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील, प्राचीन लुवियन चित्रलिपीचा तक्ताही चांगला आहे. तिथे माणसांची आणि प्राण्यांची तोंडे ओळीच्या आरंभाकडे असतात, म्हणून वाचणारा त्या तोंडांना सामोरा जात वाचतो.

ईस्टर बेटावरील रोंगोरोंगोच्या तक्त्याबाबत मात्र माझी तक्रार आहे. अजून न उलगडलेल्या या लिपीत एकाआड एक ओळ आरशातल्यासारखी उलटत नाही, तर चक्क डोक्यावर उभी असते. वाचणाऱ्याने लाकडी फळीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून सुरुवात करावी आणि ओळ संपताच फळी हातात अर्धी फिरवावी, अशी तिची रीत आहे. प्रकाशकाने हाच तक्ता पत्र्याच्या पट्ट्या आणि आकडा लावून भिंतीवर टांगण्यासाठी बनवला आहे. टांगलेला तक्ता फिरवायचा कसा? आम्ही त्याची झेरॉक्स काढून पुठ्ठ्यावर चिकटवली आणि मुलांच्या हाती दिली, तेव्हा कुठे ती गोष्ट त्यांना उमगली.

याहून जास्त खटकले ते येर्रगुडीला दिलेले स्थान. आंध्र प्रदेशच्या कर्नूल जिल्ह्यातील या अशोककालीन लघु शिलालेखात ब्राह्मीच्या काही ओळी उजवीकडून डावीकडे जातात, पण अक्षरे उलटवलेली नाहीत; ती नेहमीच्याच तोंडाची राहतात आणि फक्त त्यांचा क्रम फिरतो. गोर्टिनशी ताडून पाहण्यासारखे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही. तरीही त्याच्या वाट्याला एका कोपऱ्यातले पुसट छायाचित्र आणि दोन वाक्ये आली आहेत. पवनीच्या स्तूपावरील ब्राह्मी दानलेखांचा एखादा ठसा शेजारी छापला असता, तर डावीकडून उजवीकडे जाणारी सरळ ब्राह्मी आणि ही वळणारी ब्राह्मी विदर्भातल्या मुलांना एका नजरेत पाहता आली असती.

सोबतची सरावपाने मात्र मनापासून आवडली. त्यांत देवनागरीतली दुसरी ओळ आरशातल्यासारखी लिहायची असते. तशी लिहिताच ‘दिवा’मधली पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते आणि थेट दुसऱ्या वेलांटीसारखी दिसू लागते, पण ओळ उजवीकडून वाचत आल्यास ती आपल्या जागी, ‘द’च्या आधीच भेटते. यावर वर्गात मोठा वाद रंगला आणि मुलांनी स्वतःच आणखी शब्द करून पाहिले.

कागद जाड आहे, शाई उन्हाने अजून विटलेली नाही. लिपीचा विषय शिकवू इच्छिणाऱ्या वाचनालयाने किंवा शाळेने संच जरूर घ्यावा, पण मागणी नोंदवतानाच रोंगोरोंगोचा तक्ता पट्ट्यांविना, सुटा पाठवायला सांगावे आणि सरावपानांच्या जादा प्रती मागून घ्याव्यात, कारण मिळालेल्या प्रती आमच्याकडे एका वर्गालाही पुरल्या नाहीत.